आधी प्लग दाखव

६ फेब्रुवारी

ताई,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण दाढ काढली आहे, बोलताना त्रास होतो. म्हणून लिहायला बसलोय.

अप्पांची मोटरसायकल तापतेय. सुरू होते एका किकमध्ये. वीस-पंचवीस मिनिटं बरी चालते, मग ओढ जाते. मूठ पिळली की घुर्रघुर्र करते, मिसिंग करते आणि भर रस्त्यात बंद पडते. मग तासभर किका मारून पोटरी फुटली तरी दाद देत नाही. क्लचमधून जळका वास येतो. मागून धूर तर इतका, की मागचे लोक आईबापांचा उद्धार करतात. काल सिलिंडरवर थुंकून पाहिलं, थुंकी चर्र करून उडाली. मग मी तिला दोन लाथा घातल्या. फूटरेस्ट वाकला, तो दगडाने सरळ केला.

इथल्या मिस्त्रीकडे नेली होती. तो म्हणाला, ही भंगारात घाला, आता हिची तिरडी बांधायची वेळ झाली. मी त्याची कॉलर धरली. दोघांनी मला सोडवलं. आता तो मला दारात उभा करणार नाही.

तू सांग काय करायचं ते. मला गाडी लवकर नीट हवी आहे. हळू चालवताना बंद पडता कामा नये आणि मूठ पिळली की त्याच क्षणी उचलली पाहिजे. एवढ्या दोनच गोष्टी हव्यात.

तुझा
धाकटा


१० फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र पोचलं. सहा वर्षांत तुला बहीण आठवली ती गाडी तापल्यावर, यात मला नवल वाटलं नाही. अप्पा गेले तेव्हा दुकान मी घेतलं आणि गाडी तू नेलीस. तेव्हाच म्हटलं होतं, ही टू-स्ट्रोक आहे, हिच्या पेट्रोलात ऑइल घालावं लागतं आणि हिच्याशी गोड बोलावं लागतं. तुला दोन्ही जमणार नाही.

आता ऐक. एवढ्या लांबून पत्राने इंजिन दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. तरी हाकते.

पहिलं, सिलिंडरच्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये चिखल बसला असेल तर तो काढ. वारं लागलं तरच हे इंजिन गार होतं, याला दुसरी सोय नाही. दुसरं, सायलेन्सर काढून आत बघ. कार्बनने अर्धा बुजला असेल. जाळ, ठोक, खरवड. तिसरं, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी अशीच गुदमरते. चौथं, कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडला आहे तिथे तेलाचं बोट फिरव. तेल आत ओढलं गेलं तर तिथून हवा शिरतेय. पाचवं, तिला लाथा मारणं बंद कर.

हे सगळं करून झाल्यावर स्पार्क प्लग काढ आणि पुसू नकोस. आहे तसा कागदात गुंडाळून मला पाठव. आपल्या दुकानाची रीत तुला आठवत असेलच. लांबून गिऱ्हाईक यायचं, गाडीची रडकथा सुरू करायचं आणि अप्पा हात पुढे करून म्हणायचे, "आधी प्लग दाखव, मग तोंड उघड." माणूस खोटं बोलतो, प्लग बोलत नाही. लोक अजूनही मला टपालाने प्लग पाठवतात.

आणि तीन गोष्टी लिही. गेल्या तीन आठवड्यांत गाडी किती किलोमीटर चालली. किती पेट्रोल घातलंस. आणि ती कधी तापते, रोज की अधूनमधून.

दाढ कुठली काढली?

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

सोबत प्लग आहे.

तू सांगितलेलं सगळं केलं. पट्ट्या साफ होत्या. सायलेन्सर खरोखरच बुजला होता, दोन दिवस खरवडत होतो, हाताची सालं निघाली. झाकणाचं भोक सुईने मोकळं केलं. हवा कुठून शिरत नाही. एवढं करूनही फरक शून्य.

मोठ्या रस्त्यावरची एक फेरी सोडली तर किलोमीटर साठ झाले असतील. तेवढ्याला पेट्रोल दहा लिटर लागलं. इतकं का पितेय तेही सांग. तापते रोज संध्याकाळी. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर नेली होती, तिथे पाऊण तास पळवली तरी काही झालं नाही, उलट गुणी बाळासारखी चालली. म्हणजे इंजिन चांगलं आहे. मग संध्याकाळीच तिला काय होतं?

क्लचची वायर तीनदा आवळली.

दाढ उजवीकडची. दाढेचं सोड. तुझी भावजय दोन आठवडे माझ्याशी बोलत नाही. समोर जेवण ठेवते, उठून जाते. परवा मी खुर्ची भिंतीवर आपटली, तिचा पाय मोडला. खुर्चीचा. तुला वाटेल म्हणून स्पष्ट लिहिलं.

लवकर उत्तर दे. दिवस जातायत.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा प्लग माझ्यासमोर बाकावर आहे. डांबरात बुडवून काढावा तसा काळा आणि ओला. जोरात पळणाऱ्या गाडीचा प्लग असा नसतो, तो बिस्किटाच्या रंगाचा असतो.

साठ किलोमीटरला दहा लिटर पेट्रोल. ही गाडी खटारा झाली तरी दोन लिटरांत साठ किलोमीटर जाते. उरलेलं आठ लिटर कुठे गेलं? जागच्या जागी जळलं. म्हणजे तू रोज कितीतरी वेळ गाडी चालू ठेवून उभा असतोस, किंवा पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून मुंगीच्या पावलांनी चालवतोस. म्हणून क्लच जळतो, वायर ताणते, वारं लागत नाही आणि इंजिन भट्टी होतं. मोठ्या रस्त्यावर गाडी ठणठणीत असते कारण तिला काही झालेलंच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी तुझी गत आहे.

मुंगीच्या पावलांनी गाडी कोण चालवतं? वरातीत चालवतात, अंत्ययात्रेत चालवतात. रोज संध्याकाळी त्याच वेळी तुझ्या गावात अंत्ययात्रा निघत नसणार. तू कुणाच्या तरी मागे जातोयस. तो माणूस पायी चालतोय आणि तुला त्याच्या पुढे जायचं नाही. आणि वेळ आली की मूठ पिळताक्षणी गाडी उचलायला हवी आहे, हे तू पहिल्याच पत्रात स्वतःच्या हाताने लिहिलंयस.

दाढ काढून माणूस दोन आठवडे मुका होत नाही. माझ्या चार काढल्यात, चौथ्या तासाला मी गिऱ्हाइकावर ओरडत होते.

काय झालंय ते लिही. ते लिहायच्या आधी माझं ऐक.

आपल्या घरात हात लवकर उठतो. अप्पांनी आपल्याला क्लचच्या जुन्या वायरीने मारलं, तुझ्या पाठीवर ते वळ अजून असतील, माझ्या मांडीवर आहेत. मला वाटायचं मी सुटले. मग माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तुझ्या मेहुण्याने माझ्या थोबाडीत मारली. एकदाच. माझ्या हातात पाइप पाना होता. मी तो त्याच्या कानावर मारला आणि तो पडल्यावर आणखी एकदा मारला. तुला एवढंच माहीत आहे की तो जिन्यावरून पडला. घरच्यांनी मिळून तेच ठरवलं होतं.

तो मेला नाही. तो अकरा वर्षं जगला. एका कानाने बहिरा, आणि उजव्या हाताची बोटं वळायची नाहीत. अकरा वर्षं त्याच्या शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावली. तो मान वर करून उभा राहायचा, लहान पोरासारखा, आणि मला घाबरायचा. मी हात वर केला की डोळे मिटायचा, मी केस मागे सारायला हात उचलला असला तरी. मारताना मला जे सुख झालं ते एक क्षणभर होतं, ते मी नाकारत नाही. पण बटणं अकरा वर्षं लावली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुला सांगतेय.

आता तू सांग.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझ्यापुढे प्लग ठेवायलाच नको होता.

ठीक आहे, ऐक. मी बर्फाच्या कारखान्यात होतो हे तुला माहीत आहे. जानेवारीत एक लादी साच्यातून काढताना माझ्या हातून निसटली, फुटली. मुकादम शिव्या देत आला. मी म्हटलं, जमिनीवर भुसा टाका म्हणून महिनाभर सांगतोय, उद्या कुणाचा पाय मोडेल. एवढंच म्हटलं, आवाजही चढवला नव्हता. त्याच्या हातात लाद्या ओढायचा लोखंडी आकडा होता. त्याने उलट्या बाजूने माझ्या जबड्यावर घातला. मी पडलो तेव्हा पोटात लाथ घातली, मग तोंडावर. तुझी भावजय तेव्हाच डबा घेऊन फाटकातून आत आली होती. तिने सगळं पाहिलं. माझे तीन दात तिने बर्फाच्या चुऱ्यातून वेचले आणि रुमालात बांधले. का बांधले ते तिलाही सांगता येत नाही. रुमाल अजून कपाटात आहे.

जबड्याला तार बांधली आहे. सहा आठवडे नळीने पातळ पितोय. दाढ वगैरे काही काढलेली नाही.

कारखान्यात बाराजण होते. पोलिसांना बाराही जणांनी सांगितलं की बर्फावर पाय घसरला. त्यातल्या एकाच्या लग्नात मी दोन दिवस राबलो होतो. तुझी भावजय खरं बोलली, तर शिपाई म्हणाला, बायको नवऱ्याच्याच बाजूने बोलणार. मला कामावरून काढलं. मुकादम तिथेच आहे.

साडेपाचला तो फाटकातून निघतो. गोदामांच्या भिंतीला धरून पायी घरी जातो, चाळीस मिनिटं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कालवा. मध्ये दोनशे पावलांचा पट्टा आहे, तिथे दोन्हीकडे कुणी नसतं. मी त्याला भिंतीवर चिरडणार आहे. दोनदा त्या पट्ट्यावर पोचलो, दोन्ही वेळा तुझ्या बापाची गाडी बंद पडली. मी तिथे किका मारत उभा आणि तो डुलत डुलत पुढे. रडू आलं मला.

तुझ्या बटणांचं वाचलं. वाईट वाटलं. पण मेहुण्यांनी तुला एक थप्पड मारली होती. माझं तोंड बघ. आरशात मला माझं तोंड ओळखू येत नाही, नळी तोंडाला लावली की बायको नजर फिरवते. मला बटणं लावायची वेळ येणार नाही, मी काम अर्धवट सोडणार नाही.

उपदेश करायचा असेल तर उत्तर लिहू नकोस. इंजिन बरं करून देणार असशील तर दे. नाही दिलंस तरी मी थांबणार नाही. घरात सुरी आहे. सुरीने जास्त घाण होईल, एवढाच फरक.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उपदेश करत नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला हौस नाही, आणि तुझ्या जबड्याचं वाचून माझ्याही डोळ्यांपुढे लालच दिसलं. त्या बाराजणांची तोंडं मला बघायची आहेत.

सुरीला हात लावू नकोस. सुरी घेऊन गेलास तर तो तुझ्याहून ताकदवान आहे, तीच तुझ्या पोटात जाईल. गाडी मी बरी करते.

सोबत कापसात गुंडाळलेला पितळी जेट आहे, इंजिनात पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी. कार्बोरेटरच्या खालची वाटी उघड, मधोमध असाच एक जेट दिसेल, तो काढ आणि हा बसव. हाताने आवळ, मग पाव फेरा पान्याने. जास्त जोर लावू नकोस, पितळ आहे, आटे जातील. तुझा आधीचा जेट पेट्रोल जास्त सोडतो, म्हणून प्लग काळा होतो आणि सावकाश चालवताना गाडी गुदमरते.

दुसरं, ऑइल. तू लिटरला किती घालतोस ते लिहिलं नाहीस, पण प्लग सांगतो की सढळ हाताने घालतोस. निम्म्यावर आण. धूर जाईल, काजळी जाईल.

प्लग नवा घाल. क्लचच्या प्लेटाही नव्या घाल. मग सावकाश चालवून बघ, अर्धा तास, पाऊण तास. लोण्यासारखी चालेल. जोरात पळवून बघायची गरज नाही. उगाच इंजिनाला त्रास देऊ नकोस.

कुठल्या दिवशी जाणार ते आधी कळव.

ताई


८ मार्च

ताई,

जेट बसवला. ऑइल निम्म्यावर आणलं. तू जादूगार आहेस. काल कालव्याच्या रस्त्याने चाळीस मिनिटं त्याच्या मागे होतो, एकदाही आचका दिला नाही. धूर नाही, वास थोडासाच.

जबड्याची तार काढली. पहिली हाक तुझ्या भावजयीला मारली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

शुक्रवारी जातोय.

अप्पा म्हणायचे, माझे हात लोणच्याच्या बरणीत घालायच्या लायकीचे आहेत. आज असते तर जेट दाखवला असता.

धाकटा


२९ मार्च

ताई,

हे पत्र शेजारच्या खाटेवरचा शिक्षक लिहून घेतोय, माझ्या उजव्या हाताला अजून प्लास्टर आहे. चांगला माणूस आहे, काही विचारत नाही. तू दोन आठवड्यांत आली नाहीस, भावजयीला फक्त एवढं विचारलंस की जगेल ना. मला राग नाही. सांगायचं ते सांगतो.

शुक्रवारी गेलो. तो साडेपाचला निघाला. गाडी सुरेख चालत होती. मोकळ्या पट्ट्यावर पोचलो, तो तीस पावलांवर पुढे, भिंतीला लागून. मी मूठ पिळणार इतक्यात तो थांबला आणि वळला. त्याने शर्टाच्या आतून सळई काढली. म्हणाला, "महिना झाला तुझ्या क्लचचा वास येतोय. ये, एकदाचं संपव." तो धावत आला आणि त्याने दिव्यावर सळई घातली, काच माझ्या मांड्यांवर पडली. दुसरी माझ्या खांद्यावर बसली. तिसरी उगारली आणि त्याचा हात वरच राहिला. त्याची पँट ओली झाली होती, ताई. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं.

मला वाटलं होतं तो क्षण गोड असेल. ज्याने माझा जबडा मोडला तो माणूस मला तिथे सापडलाच नाही. महिनाभर रोज चाळीस मिनिटं मान मागे वळवायला घाबरत चालणारा एक माणूस होता, आणि त्याला तसं मी केलं होतं. अप्पांच्या पावलांचा आवाज आला की आपण दोघं जसे भिंतीला चिकटायचो तसा तो उभा होता. आणि तुझी बटणं आठवली. मेहुणे मान वर करून उभे आहेत असं दिसलं. मी गाडी वळवली. त्याने मागून सळई फेकली, ती पाठीत लागली, मी वळून पाहिलं नाही.

घरी जायची लाज वाटली. बायकोला काय सांगू, मारलं नाही म्हणून, की मारायला गेलो होतो म्हणून? मी तुझ्याकडे निघालो. म्हटलं पहाटेपर्यंत गाडी थांबवायची नाही, दुकान उघडताना तुझ्या पायरीवर जाऊन बसायचं. तुझ्या हाताखाली काम शिकायचं, अप्पांकडून जे शिकलो नाही ते. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मूठ पूर्ण पिळली. अजून नीट उजेड होता. किती हलकं वाटत होतं मला. बरगड्या दुखत होत्या आणि मी मोठ्याने ओरडत होतो, कुणी ऐकायला नव्हतं.

पंचवीसेक किलोमीटरवर इंजिनातून खर्र असा आवाज आला आणि मागचं चाक जागीच थांबलं. गाडी आडवी झाली. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरने बिचाऱ्याने ब्रेक मारला, पण माझ्या डाव्या पायावरून चाक गेलंच. मी पाय पाहिला. पायासारखं काही राहिलं नव्हतं. गुडघ्याखालून कापला आहे.

पोलिसांच्या आवारात गाडी पडली आहे. कुणीतरी सांगितलं की पिस्टन सिलिंडरला चिकटून एक झालाय. म्हणजे माझ्याच हातून काहीतरी राहिलं. जेट आवळताना जोर कमी पडला असेल, नाहीतर ऑइलचं माप चुकलं. रात्रंदिवस तोच विचार करतो. पाय गेला त्याचं एवढं नाही, पण तू एवढं बारकाईने लिहून दिलं होतंस आणि ते मला नीट करता आलं नाही. अप्पा बरोबरच म्हणायचे.

काय चुकलं माझं, तेवढं सांग.

धाकटा


३ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, तुझ्या बायकोच्या हाती आत पाठवते. शिक्षकाला वाचायला देऊ नकोस, स्वतः वाच.

तुझं काही चुकलं नाही. जेट तू नीट बसवलास. ऑइल मी सांगितलं तेवढंच घातलंस. मी सांगितलं तेच चुकीचं होतं, आणि ते मला माहीत होतं.

तो जेट तुझ्या गाडीचा नव्हताच, लहान होता. लहान जेट घातला आणि ऑइल निम्मं केलं की हे इंजिन सावकाश चालवताना गुणी वाटतं. मूठ पूर्ण पिळली की आत ना पेट्रोल पुरतं ना ऑइल. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला पकडतो. दुकानात झाडू मारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तुला ठाऊक नव्हतं, आणि तुला ठाऊक नाही हे मला ठाऊक होतं.

मी असं ठरवलं होतं. तू चाळीस मिनिटं त्याच्या मागे रांगशील, इंजिन तापून लाल होईल. मग मूठ पिळशील, आणि त्याच्यापर्यंत पोचायच्या आत ते पकडेल. अजून वेग आलेला नसेल. तू पडशील, कोपर फुटेल, गुडघा फुटेल. तो पळून जाईल. तू खुनी होणार नाहीस आणि मला शिव्या देत घरी जाशील. मोकळ्या रस्त्यावर वारं लागलं म्हणून गाडी पंचवीस किलोमीटर टिकली. तू मोकळ्या रस्त्यावर जाशील, माझ्याकडे यायला निघशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बटणांची गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली असेल असं मला वाटलंच नाही. तुझा प्लग मी अचूक वाचला आणि तुला वाचताना मला फक्त अप्पा दिसले.

आणखी एक सांगायचं आहे, तेच सगळ्यात वाईट आहे. इंजिन पकडलं की क्लच दाबायचा असतो. क्लच दाबला की मागचं चाक सुटतं आणि गाडी सरळ घरंगळत जाते. अप्पांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ते एक वाक्य मी पत्रात लिहिलं होतं. मग वाटलं की तुला संशय येईल, म्हणून तो कागद फाडून दुसरा घेतला आणि पत्र पुन्हा लिहिलं.

पाइप पाना माझ्या हातात होता तेव्हा मी विचार केला नव्हता. या वेळी बाकावर बसून, चष्मा लावून, जेटवरचा आकडा भिंगातून तपासून केलं. तुला वाचवायला केलं असं म्हणायचा मला हक्क आहे का, ते मला कळत नाही. इतके दिवस इथे यायला पाय उचलला नाही तो यासाठी. तू "माझं काय चुकलं" असं विचारलंस, ते वाचल्यावर मात्र घरात बसवेना.

तुझ्या बायकोला सगळं सांगितलं आहे. तिने माझ्या तोंडात मारली. मी हात खालीच ठेवले.

मी इथे बसले आहे. उठून जाणार नाही. आत बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

ताई


त्याच पत्राच्या पाठीवर, डाव्या हाताने

ताई,

वाचलं. तीनदा वाचलं.

खाटेला कुबडी टेकवून ठेवलेली आहे, माझा हात पोचेल अशी. तू जवळ आलीस की मी काय करीन ते मला आत्ता सांगता येत नाही.

तरी ये.